श्रद्धा जिंकली असं छापण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत 'श्रद्धेपुढे मृत्यू हरला' या मथळ्याखाली एका तरुणाची हकिगत आली होती. अपघात, डोक्याला मार, कोमा, घरच्यांची अखंड प्रार्थना आणि शेवटी त्याने डोळे उघडले तो क्षण. पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचं खरमरीत पत्रही आपण छापलंत. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, रुग्ण वाचला तो डॉक्टरांमुळे, आणि बेशुद्ध माणसाच्या कानाशी पुटपुटत बसणाऱ्या नातेवाइकांना आयसीयूत पाऊलही ठेवू देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही मजकूर पुन्हा पुन्हा वाचले. दोघेही श्रद्धेला औषधाच्या रांगेत उभी करतात. एक म्हणतो गुण आला, दुसरा म्हणतो येणं शक्य नाही. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलं आहे आणि अजून चालू आहे, म्हणून लिहिते.

माझा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्तीला थोडा अवकाश होता. एका पावसाळी सकाळी सायकल घसरून पडला. कुणी धडक दिली नाही, काही नाही. कपाळ खरचटलं होतं, कानातून थोडं रक्त आलं होतं. उठून बसला, चष्मा कुठे गेला म्हणून विचारलं, मला फोन करू नका म्हणाला. तासाभरात त्याची जीभ जड झाली, उलटी झाली, आणि मग तो हाकेला ओ देईना. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची गाठ दिसली, मेंदू सुजलेला. कवटी हाडाची, ती काही ताणत नाही. आतला मेंदू सुजला तर त्याला जायला जागाच नसते आणि तो स्वतःलाच दाबत राहतो. म्हणून त्याच रात्री गाठ काढली आणि कवटीचं एका बाजूचं हाडही उतरवलं. ते हाड त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं, पुढे सूज उतरली की परत बसवायला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे सुन्न झालो होतो. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे हरवणार नाही ना?"

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांचं देवाशी रोजचं बोलणं आहे आणि त्यात भांडणंही असतात. मी सगळी नोकरी लेखापरीक्षणात काढली. पावती नसेल तर खर्च मान्य नाही, ही सवय आता अंगातून जायची नाही, आणि देवाच्या बाबतीतही माझं तेच होतं नि आहे. आम्हा दोघींमध्ये यावरून कधी वाद झाला नाही, कारण त्यांनी मला कधी ओढलं नाही आणि मी त्यांना कधी शिकवायला गेले नाही. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर मात्र आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो ते पुष्कळ दिवस.

तिथे रोज सकाळी सिस्टर तीन आकडे सांगायच्या. डोळे, बोलणं, हालचाल. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली बसवलेलं हे कोष्टक आता जगभर वापरतात. डोळ्यांना चारपैकी, बोलण्याला पाचपैकी, हालचालीला सहापैकी. एकूण पंधरा. शून्य नाहीच, काहीही होत नसेल तरी तीन मिळतात. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. घशात नळी असेल तर बोलण्याचा आकडा लिहिता येत नाही, तिथे 'टी' हे अक्षर टाकतात. मला आकड्यांचं कळतं, त्यामुळे हे माझ्या लगेच डोक्यात बसलं. सासूबाईंना हालचालीचा रकाना पाठ झाला: चिमटा काढल्यावर हात नुसता आत वळला तर तीन, मागे ओढला तर चार, दुखतं तिथे नेमका हात नेला तर पाच, आणि सांगितलेलं केलं तर सहा. पहिल्या रात्री त्या "वाचव" एवढंच म्हणत होत्या. नंतर नंतर त्या देवाकडेही कोष्टकाप्रमाणे मागायला लागल्या. "आज चाराचे पाच होऊ देत." मला आधी हसू आलं. मग एका सकाळी सिस्टर यायच्या आत मीही मनात तेच म्हणत होते.

पत्रलेखकांच्या त्या पुटपुटण्याच्या मुद्द्याबद्दल. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाला काहीच पोचत नाही, हे त्यांनी ठाम विधान म्हणून लिहिलं आहे. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तेवीस वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं. रस्ता-अपघाताला पाच महिने झाले होते, ती डोळे उघडत होती पण कशालाच प्रतिसाद देत नव्हती. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा वेळी काम करतात तेच तिचेही करत होते. ती एकटीच असेल असं कुणी म्हणेल, तर २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास पाहावा. सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांची अशी तपासणी झाली, आणि त्यातल्या ६० जणांचा मेंदू सूचना ऐकून त्याप्रमाणे काम करताना आढळला. चौघांत एक. खाटेशी उभं राहून कुठला एक आणि कुठले तीन, हे कसं कळणार? म्हणून बोलायचं.

पण कसं बोलायचं, हेही शिकावं लागतं, आणि ते आम्हाला पुरवणीतल्या लेखातून नव्हे, रात्रपाळीच्या सिस्टरनी शिकवलं. एका वेळी एकानेच. आधी आपण कोण ते सांगायचं. तो कुठे आहे, काय झालंय, आज कुठला वार, हे थोडक्यात. मग गप्प राहायचं, त्याला वेळ द्यायचा. दुखावलेल्या मेंदूला चार आवाज एकदम नको असतात, रडणं तर नकोच. आणि मॉनिटरवरचे आकडे वर जायला लागले की बाहेर. सासूबाईंनी हे अक्षर न् अक्षर पाळलं. "मी आई. तू दवाखान्यात आहेस. सायकलवरून पडलास, डोक्याला लागलंय. आज गुरुवार." मग थोडी प्रार्थना, अगदी हळू. सिस्टरनी खूण केली की माळ पदरात आणि पाय दाराकडे. पत्रलेखकांनी ज्यांना बाहेर काढायचं म्हटलं आहे त्या बाईंना बाहेर काढायची वेळ कुणावर आली नाही. बाहेर काढावं लागलं ते घोळक्याने येऊन हुंदके देणाऱ्या आमच्या सुशिक्षित पाहुण्यांना.

विज्ञानाला श्रद्धा लागत नाही, असंही त्या पत्रात एक वाक्य आहे. लेखापरीक्षक म्हणून मला इथे थोडं बोलायचं आहे. डोक्याला जबर मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड द्यायची पद्धत डॉक्टरांमध्ये कित्येक वर्षं होती. पटण्यासारखीच गोष्ट, सूज आहे तर सूज उतरवणारं औषध. मग कुणीतरी हिशेब तपासायचा ठरवला. 'क्रॅश' नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्ण घेतले, काहींना स्टिरॉइड, काहींना नुसतंच सलाइनसारखं बिनऔषधाचं. २००४ साली निकाल आला: पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड घेतलेल्यांत २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांत १७.९ टक्के. सद्भावनेने दिलेलं औषध माणसं मारत होतं. ती पद्धत थांबली. मला डॉक्टरांबद्दल आदर वाटतो तो याच कारणाने, की त्यांनी आपल्याच समजुतीचं ऑडिट करून घेतलं आणि शेरा मान्य केला.

प्रार्थनेचंही ऑडिट झालं आहे, हे पुरवणीच्या लेखकांना माहीत नसावं. २००६ साली अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि आपल्यासाठी होतेय की नाही हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्क्यांना, दुसऱ्यात ५१. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं, की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय. त्यांच्यात ५९ टक्के. हृदयाचे रुग्ण, मेंदूचे नव्हेत, आणि प्रार्थना करणारे परके, हे मान्य. तरी मी हे एका संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. दुष्टपणाने नव्हे, खरं तर त्या काय म्हणतात याची उत्सुकता होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आपल्यासाठी एवढी माणसं प्रार्थना करतायत म्हटल्यावर तो बिचारा घाबरलाच असेल, माझी तब्येत इतकी वाईट आहे का म्हणून." अभ्यास करणाऱ्यांनीही असाच काहीसा तर्क केला होता, हे मी नंतर वाचलं. पुढे त्या म्हणाल्या, "मी देवाला सांगते. तो करतो की नाही ते मी मोजत नाही. तू मोज." झाला वाद.

माझ्या दिराला कुणीतरी एका हमखास गुण देणाऱ्या माणसाचं नाव दिलं होतं. रुग्णाला तिथे न्यावं लागणार होतं. दीर हळवा, रात्रंदिवस तळमळत होता, त्याला दोष द्यावासा वाटत नाही. तो आईकडे गेला, आई श्रद्धावान आहे, ती हो म्हणेल. सासूबाईंनी विचारलं, "त्याच्या गळ्यातली नळी तिथे कोण साफ करणार?" ही म्हणजे घशाला छेद देऊन बसवलेली श्वासाची नळी; तिच्यात कफ साठला की तो यंत्राने ओढून काढावा लागतो, वेळेत नाही केलं तर माणूस गुदमरतो. दिराकडे उत्तर नव्हतं. विषय तिथे संपला.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले तिथे येते.

शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, विशीतला. त्याची आई आणि सासूबाई बाकावर एकत्र बसायच्या. त्या बाईंची श्रद्धा सासूबाईंपेक्षा कडक होती. त्या उपास करायच्या, जवळजवळ झोपत नव्हत्या, मुलासाठी जे जे कुणी सांगेल ते सगळं करत होत्या, आणि डॉक्टरांचंही सगळं ऐकत होत्या. काही कमी केलं असेल तर मला दिसलं नाही, आणि मला कमी पडलेलं चटकन दिसतं. माझ्या नवऱ्याचे आकडे वर चढत होते तेव्हा त्या मुलाचे उतरत होते. त्याच्या मेंदूतले तंतूच ठिकठिकाणी तुटले होते. ऑपरेशन करून काढावं अशी गाठच नव्हती. तो गेला. जाताना त्या बाई सासूबाईंजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही काय वेगळं केलंत?"

संपादक महाशय, आपला मथळा त्या बाईंनी वाचला असेल. श्रद्धेपुढे मृत्यू हरला, असं आपण एका घराबद्दल छापता तेव्हा ज्या घरात मृत्यू हरला नाही तिथेही ते वाक्य पोचतं आणि आपोआप पुरं होतं. सासूबाईंना त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्यांनी त्यांचे हात धरून ठेवले. घरी आल्यावर बराच वेळ त्या देवाशी भांडत होत्या, आणि ते भांडण स्वतःच्या मुलासाठी नव्हतं.

आता त्या डोळे उघडण्याच्या क्षणाबद्दल, जिथे आपला लेख संपला. आमच्याकडेही डोळे उघडले. दिराने फोनवर फोन केले, माझी मुलगी रडली, कुणी कुणी म्हणालं ऐकलं बाई देवाने. आणि तो छताकडे बघत होता. आपण डावीकडे गेलो तर नजर येत नव्हती, उजवीकडे गेलो तर येत नव्हती. डोळे उघडणं आणि भान येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. वाचलेल्या माणसाचे डोळे बहुतेक वेळा उघडतातच. पुढचं मात्र निश्चित नसतं. २०२१ साली 'जामा न्यूरॉलॉजी'त आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, इजेनंतर दोन आठवडे झाले तरी कसलंच भान नसलेल्या ७९ रुग्णांपैकी ६२ जणांना वर्षभरात भान आलं होतं. हे वाचून मला केवढा धीर आला असता, त्या दिवसांत कुणी दाखवलं असतं तर! पण त्याच अभ्यासात पुढची ओळ आहे: आपण कोण, कुठे, आज काय वार, हे नीट सांगता येण्यापर्यंत पोचले ते, ज्यांची माहिती मिळाली त्या ५६ जणांपैकी १४. पहिली ओळ म्हणजे पुरवणीतला लेख. दुसरी ओळ म्हणजे आम्ही.

भान येऊ लागलं तसा तो खवळला. हे कुठल्याच चमत्काराच्या गोष्टीत नसतं म्हणून सविस्तर लिहिते. नळ्या उपटायचा म्हणून हातांना जाड मोजे बांधले होते. तो लाथा मारायचा, थुंकायचा, खाटेवरून उतरायला बघायचा. आपण आगगाडीत आहोत असं त्याला वाटत होतं आणि पुढचं स्टेशन का येत नाही म्हणून तो सिस्टरवर ओरडायचा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात विद्यार्थ्याला 'गाढवा'पलीकडे काही म्हटलं नाही, त्याच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या, की मुलगी खोलीबाहेर पळाली. एकदा त्याने आईला शिवी दिली. ती शिवी मी इथे लिहिणार नाही आणि आपणही छापणार नाही. मला वाटलं, म्हातारी आता कोसळणार. त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तीन शब्दांचं सलग वाक्य बोलला. तुमच्या कोष्टकात याला किती?" डॉक्टर हसले. पाचपैकी चार, म्हणाले. मेंदू जागा होताना बऱ्याच रुग्णांत असा गोंधळाचा, संतापाचा टप्पा येतो, खोली शांत ठेवा, उजेड कमी करा, वाद घालू नका, हेही त्यांनी सांगितलं. आज त्याला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. आठवणी साठवणारी यंत्रणाच तेव्हा बंद होती. आम्हाला सगळं आठवतं.

मग घरी आलो. पोटातलं हाड काही महिन्यांनी परत जागेवर बसवलं. नळ्या निघाल्या, चालणं आलं, डावा हात थोडा मागे आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो बरा झालाय. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की माणसाला काही सुरू करायचं सुचत नाही. तहान लागली तरी तो पाणी मागत नाही. पेला समोर ठेवला तर पितो. जगातल्या मोठ्या नद्या उगमापासून मुखापर्यंत अजून घडाघडा सांगतो, आणि सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी सांगू शकत नाही. फिट येऊ नये म्हणून गोळ्या आहेत, त्यांची वेळ चुकवून चालत नाही. एका आवाजावर चिडतो, आणि दुसऱ्या मिनिटाला आपण चिडलो होतो हे विसरतो, त्यामुळे माफीचाही प्रश्न येत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, जेवायला किती वाजता बसायचं? तीस वर्षं ज्याच्याशी बोलून मी कुठलंही दुःख निस्तरलं, तो माणूस त्या खुर्चीत होता आणि नव्हता.

हे कुणाला सांगायचं? सांगायला गेलं की उत्तर येतं, अगं, देवाने तुला परत दिला, आणखी काय हवं? एकदा चमत्कार जाहीर झाला की पुढची प्रत्येक तक्रार कृतघ्नपणात जमा होते. आपल्या लेखातल्या त्या तरुणाच्या आईची मला खरोखर काळजी वाटते. तिच्या घरी आता जे काही चाललं असेल, ते तिला कुणाजवळ बोलता येत असेल का? पेपरात तर छापून आलंय की सगळं छान झालं.

मला थेट विचारणारं एकच माणूस भेटलं, त्या सासूबाई. रात्री त्याला उठवून बसवताना माझ्या पाठीत उसण भरली, तेव्हा त्यांनी बाजूला बसवून विचारलं, "तुला तो परका वाटतो का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मलाही. मग दोघी काही वेळ काहीच बोललो नाही, आणि मग त्याच्या गोळ्यांची वेळ झाली.

मधे काही दिवस त्यांची माळ फिरत नव्हती. मी विचारलं नाही. त्या वेळात सासूबाई आपल्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटांचा व्यायाम घ्यायच्या, फिजिओने दाखवला तसा, एकेक बोट उघडायचं नि मिटायचं. पुन्हा माळ हातात दिसली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. आता काय मागता, म्हणून विचारलं. "त्याचं काही मागत नाही," म्हणाल्या, "त्याचं जे व्हायचं ते दिसतंय. तुझी पाठ मागते."

माझी पाठ सुधारली ती फिजिओने उचलायची रीत शिकवली म्हणून, ही नोंद मी पावतीसकट देऊ शकते. पण आपल्यासाठी कुणीतरी रोज काही मागतंय, हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली, आणि या नोंदीला माझ्याकडे पावती नाही. पत्रलेखकांनी हवं तर ती रक्कम अमान्य करावी. मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.

आता मागणं. श्रद्धेच्या बातम्या छापू नका, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात ती असते तिथे ती रात्री जागते, उशी बदलते, शिव्या ऐकते, ती बातमीच आहे. पण मथळ्यात तिला विजयी करू नका. बातमीदाराला त्या तरुणाच्या घरी वर्षभराने पुन्हा पाठवा, आणि दिवसभर बसू द्या. रात्री कोण उठतं, कामावर कोण जातं, त्या मुलाचे मित्र अजून येतात का, भावंडांपैकी कुणाचं शिक्षण थांबलं, हे विचारू द्या. आई आता काय मागते, हेही. आणि जमलं तर, पुरवणीच्या एका कोपऱ्यात का होईना, ज्यांचा माणूस परत आला नाही अशा एखाद्या घरालाही जागा द्या. त्यांचीही श्रद्धा होती, काहींची अजून आहे, आणि ती कशी उरली हे मला स्वतःला कळून घ्यायचं आहे.

आणखी एक चौकट मात्र तातडीने छापावी, त्याला वर्षभर थांबायची गरज नाही. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलला, म्हणून निश्चिंत होऊ नये. आत रक्त साचायला वेळ लागतो. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, जीभ जड झाली, गुंगी यायला लागली, फिट आली, हात किंवा पाय लुळा पडला, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, यातलं एक जरी दिसलं तरी झोपवून बघू म्हणू नये, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या पडण्यावरही डॉक्टरांना दाखवावं. सायकलवाल्यांनीही हेल्मेट घालावं.

पत्र लांबलं आहे. काटछाट करायला माझी हरकत नाही, आकडे कमी केलेत तरी चालेल; शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईबद्दलचं तेवढं ठेवावं. माझं नाव छापू नये. नवरा हल्ली पेपर वाचतो, मोठ्याने, आणि स्वतःबद्दलचं त्याला वाचून लक्षात राहणार नाही हे खरं असलं, तरी वाचत असताना ते त्याला कळेल.

आपली,
एक वाचक